एप्लेरेनोन की स्पायरोनोलॅक्टोन? हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालं असेल तर

अटॅकनंतरच्या इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं ते) ४० टक्के किंवा त्याहून कमी आलं आणि सोबत हार्ट फेल्युअरची लक्षणं किंवा डायबेटिस असेल, तर बीटा ब्लॉकर आणि एसीई इनहिबिटर या हृदयाच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला या दोनपैकी एक गोळी सुचवली जाते. दोन्हींचं काम एकच: अल्डोस्टेरॉनला अडवणं. हे संप्रेरक शरीरात मीठ-पाणी साठवतं आणि हृदयाचा स्नायू ताठर करत नेतं.

पुरावा पाहिला तर अटॅकनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांसाठी माझं मत एप्लेरेनोनला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इफेसस चाचणीत अशाच ६,६०० हून जास्त रुग्णांना अटॅकनंतर ३ ते १४ दिवसांत ती सुरू केली. सरासरी १६ महिन्यांत ती घेणाऱ्यांपैकी १४.४ टक्के दगावले, प्लासिबोवाल्यांपैकी (म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी) १६.७ टक्के. म्हणजे मृत्यूचा धोका साधारण १५ टक्क्यांनी घटला. फरक किरकोळ वाटेल, पण बहुतेकांना बाकीची औषधं चालूच होती. त्यावरचा हा फायदा आहे. स्पायरोनोलॅक्टोनची १९९९ ची रेल्स चाचणी जास्त गाजली. तिच्यात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला, पण रुग्ण जुनाट, गंभीर हार्ट फेल्युअरचे होते आणि त्यांच्यापैकी फार थोडे बीटा ब्लॉकर घेत होते. म्हणून ‘३० विरुद्ध १५’ असा हिशोब कुणी मांडला तर तो सोडून द्या.

पुरुषांना जाणवणारा फरक वेगळाच आहे. रेल्समध्ये स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या साधारण १० टक्के पुरुषांची छाती दुखरी झाली किंवा स्तनांसारखी वाढली. इफेससमध्ये एप्लेरेनोनवर हे प्रमाण प्लासिबोइतकंच होतं. हा त्रास संकोचापोटी डॉक्टरांना सांगितला जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. सांगितलं तर औषध बदलून मिळतं, इतकं साधं आहे. उलट, क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध) घ्यावं लागलं तर अडचण एप्लेरेनोनची. या औषधांनी तिची रक्तातली पातळी फार वाढते.

पोटॅशियमच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच बेभरवशाच्या: दोघींनी ते रक्तात वाढू शकतं. ते आधीच ५ च्या वर असेल तर सहसा गोळी सुरूच करत नाहीत. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आणि महिन्याभराने पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) तपासणी हवीच, डोस वाढवला की पुन्हा. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, ते टाळा. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

किडनी आधीच कमजोर असेल तर ‘दोन्हीपैकी कोणती’ याआधी ‘द्यायची की नाही’ हा प्रश्न येतो, आणि तो डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवूनच सोडवायचा. स्पायरोनोलॅक्टोन आधीपासून चालू आहे, पोटॅशियम ताब्यात आहे, छातीची तक्रार नाही? मग नुसत्या नावासाठी ती बदलायचं कारण मला दिसत नाही.