लांबुडका झालेला कॅक्टस: छाटायचा की काठी लावून ठेवायचा?

खिडकीत ऊन कमी पडलं की कॅक्टस वरून बारीक, फिकट होत उंच पळतो, आणि तो बारीक झालेला भाग नंतर कितीही उन्हात ठेवला तरी परत जाड होत नाही. माझा असाच दीड फूट होऊन एका बाजूला कलला, आधी काठी आणि जुन्या ओढणीची पट्टी बांधली, जीव वाचला पण दिसायला अगदी प्लास्टर घातलेला पेशंट 😄 काठीचा फायदा एकच, जखम नाही म्हणून सडायची भीती नाही, त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हेच बरं.

छाटणी मात्र फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत. सुरी स्पिरिटने पुसायची, कॅक्टस वर्तमानपत्राच्या घडीत धरायचा (हातमोज्यातून काटे आरपार जातात, अनुभव आहे), जाड भागातून एका फटक्यात कापायचा. तुकडा ८-१० दिवस सावलीत नुसता पडू द्या, कापलेली जागा कडक, खपलीसारखी झाली की मगच वाळूमिश्रित मातीत लावायचा, आणि लगेच पाणी नाही म्हणजे नाही, माझा पहिला तुकडा तिथेच कुजला. खालच्या खुंटाला बाजूने पिल्लं फुटतात, म्हणजे एकाचे दोन.

लाल-पिवळ्या टोपीवाला कलमी कॅक्टस असेल तर टोपी कापून मातीत लावू नका, तिच्यात हरितद्रव्यच नसतं, जगणार नाही. आणि कापल्यावर दुधासारखा चीक आला तर तो बहुतेक कॅक्टस नसून निवडुंगासारखा दिसणारा शेर-थोराचा भाऊ, डोळे सांभाळा.

मी तरी छाटणीवाला.