एस्ट्राडिओल जेल, ०.०६ टक्के: ठाण्याच्या दमटपणात कितपत चालतं?

एस्ट्राडिओल म्हणजे एस्ट्रोजेन हे हॉर्मोन. पाळी गेल्यावरच्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर हे जेल उत्तम. पाचपैकी चार तारे. एक कापला तो मोजमापासाठी: ट्यूब अर्धी झाली की मोजायच्या पट्टीवर जेल एकसारखं पडत नाही. २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिलिग्रॅम एस्ट्राडिओल असतं. एवढं रोज लागलं तर ८० ग्रॅमची ट्यूब ३२ दिवस पुरते. डोस मात्र डॉक्टरच ठरवणार.

खरी परीक्षा आपल्या हवेत. पाच मिनिटांत वाळायचं जेल जूनमध्ये ठाण्यात चिकटच राहतं, आणि वर ब्लाउज चढवून लोकल गाठली की निम्मं कापडाला जातं. आंघोळीनंतर अंग नीट टिपा, पंख्याखाली बसा, मनगटापासून खांद्यापर्यंत पातळ पसरा. चोळू नका. त्याच जागी आधी खोबरेल, पावडर किंवा सनस्क्रीन नको. स्तनांवर तर कधीच नको. तासभर ती जागा धुऊ नका. हात मात्र लगेच धुवा, नातवंडांना त्यानंतरच घ्या. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा वाळेपर्यंत देवापुढचा दिवा आणि गॅस दोन्ही थांबवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. गर्भपिशवी असलेल्या बाईने नुसतं एस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं, पुढे कॅन्सरचा धोका. म्हणून सोबत अस्तर आवरणारं दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, कॅप्सूलमधून हवंच. ते झोप आणतं, म्हणून रात्री. वाफा थांबल्या म्हणून ही कॅप्सूल परस्पर बंद करू नका. सहा महिन्यांनंतरही रक्त दिसत राहिलं तर सोनोग्राफी.

‘हॉर्मोन म्हणजे कॅन्सर’ ही धास्ती मुख्यतः २००२ च्या अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या अभ्यासाने पसरली. तिथे गोळ्या होत्या आणि बायकांचं सरासरी वय ६३. त्वचेतून जाणारं औषध आधी यकृतात जात नाही, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्यांची भीती गोळ्यांपेक्षा कमी. तरी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे जेल तुमच्यासाठी नाही.

फरक जाणवायला चार-सहा आठवडे द्या, निकाल तीन महिन्यांनी लावा. आणि तक्रार फक्त योनीमार्गाच्या कोरडेपणाची असेल तर ही ट्यूब नकोच. तिथे लावायचं एस्ट्रिऑलचं (हेही एक एस्ट्रोजेनच) क्रीम पुरतं. केमिस्टकडे नुसतं ‘हॉर्मोनचं क्रीम’ मागू नका, चिठ्ठी दाखवा.