मोजा लेकीच्या पायात, झोप माझी उडाली

लेक घरी आली त्याच आठवड्यात मी हा स्मार्ट मोजा आणि त्याच्या जोडीचा कॅमेरा मागवला. बायकोला विचारलं नव्हतं. तुकड्यातुकड्यांत तीन तास झोपलेल्या बापाला रात्री दोन वाजता मोबाइलवर जी जाहिरात दिसते, ती पटतेच.

वस्तू नेटकी आहे. मऊ मोजा, आत बोटाच्या पेराएवढा सेन्सर. लाल आणि अवरक्त प्रकाश पायातून जातो, त्यातला कुठला किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी कळते. दवाखान्यात बोटाला चिमटा लावतात, तेच तंत्र. फक्त तिथला पेशंट सहसा लाथा झाडत नाही. आमची झाडते.

पहिल्याच रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी यंत्राने बोंब ठोकली. मी धडपडत दिवा लावला, बायकोने लेकीला झडप घालून उचललं, आणि गाढ झोपलेलं पोर दचकून किंचाळलं. अ‍ॅपवर लिहिलं होतं : मोजा नीट बसलेला नाही. पुढच्या नऊ रात्रींत असे चौदा इशारे झाले. मी वहीत लिहून ठेवलेत. सहा वेळा मोजा टाचेवरून घसरलेला, पाच वेळा पाय गार (गार पायात रक्त कमी फिरतं, मग आकडाच मिळत नाही), तीन वेळा वायफाय गेलेलं. खरा एकही नाही.

इशाऱ्यांचं एक वेळ चालेल. मला खाल्लं ते ऑक्सिजनच्या आकड्याने. 97 चा 95 झाला की माझ्या पोटात गोळा, 98 झाला की सुटलो, की पुन्हा 96. अगदी लहान बाळं झोपेत पाच-सात सेकंद श्वास थांबवून पुन्हा भराभर घेतात आणि ते बहुतेक वेळा नॉर्मल असतं, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी अंधारात फोन धरून बसायचो. एकदा बायको झोपेतच म्हणाली, "अरे, ती हाताच्या अंतरावर आहे. तिच्याकडे बघ ना!"

वर रोज सकाळी झोपेचे गुण. सात आठवड्यांच्या मुलीला 72. शाळेत जायच्या आधीच निकाल!

जाहिरातीत 'निर्धास्त' हा शब्द चार वेळा आहे. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या शिफारशी स्पष्ट आहेत : झोपेतला अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटर वापरू नका. बाळाला पाठीवर झोपवा, गादी कडक आणि सपाट हवी, उशी-पांघरूण नको, पाळणा आपल्याच खोलीत हवा. यातल्या कशालाच चार्जिंग लागत नाही. अशा मोज्यांना तिथल्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मिळू लागली ती 2023 मध्ये, पण आकडे दाखवायची मान्यता म्हणजे जीव वाचवायची हमी नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळासाठी डॉक्टर स्वतः मॉनिटर लिहून देतात, ती गोष्ट वेगळी.

कॅमेऱ्याला मात्र नावं ठेवणार नाही. अंधारात चित्र स्वच्छ दिसतं, आवाज लगेच येतो. दुपारी ती झोपली की मी बाटल्या धुताना एक डोळा तिच्यावर ठेवतो. कॅमेऱ्यात आकडा नसतो, बहुधा म्हणूनच तो मला झेपतो. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या रात्री मोज्याचा हिरवा दिवा बघून मी सलग तीन तास झोपलो होतो, तेही नाकारत नाही.

कॅमेऱ्याला पाचात चार, मोज्याला दीड, आणि तो दीडही त्या तीन तासांचा. तुमचा स्वभाव माझ्यासारखा, दाराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा असेल तर मोजा घेऊच नका.

सध्या तो खणात आहे. चार्जिंगची वायर बायकोने कुठेतरी ठेवली आहे. कुठे, ते मी विचारलेलं नाही.