बुलेटचा जुना चार गिअरांचा बॉक्स : घाट, उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतर

काकांकडून आलेली 1978 सालची बुलेट 350 पुन्हा रस्त्यावर आणून आता बरेच महिने झाले आहेत. एंजिन, रंग आणि वायरिंग यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, म्हणून हे लिखाण केवळ तिच्या गिअरबॉक्सविषयी आहे. उजव्या पायाने चालवायचा, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली अशा क्रमाचा हा आल्बियन (जुनी इंग्लिश गिअरबॉक्स कंपनी) पद्धतीचा बॉक्स वाचकांच्या परिचयाचा असेल असे मी धरून चालतो. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना सिमरोलच्या अलीकडे भेरूघाट चढायचा होता. तेथे दुसऱ्यावरून तिसरा टाकला की पायाला तो पडल्यासारखा वाटे, पण क्लच सोडताच एंजिन नुसतेच गरजे आणि गाडीचा वेग मरे.

शहरातल्या ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली, तेथे झाकणाला हातही न लावता संपूर्ण गिअर संच, फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि बुश (शाफ्टभोवतीच्या कड्या) बदलावे लागतील असे सांगण्यात आले. खर्च मोठा होता आणि मला तो करायचा नव्हता, हे उघडच आहे. पण त्याहूनही अधिक खटकले ते असे की निदानासाठी लागणारी साधी तपासणी कोणी केलीच नव्हती. ती तपासणी घरी होते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, एंजिन बंद ठेवून, मागचे चाक हाताने फिरवत चारही गिअर वर-खाली टाकून पाहावेत. अशा स्थितीत एखादाच गिअर अर्धवट बसत असेल, तर दोष बहुधा पायाने गिअर बदलण्याच्या यंत्रणेत असतो. बंद एंजिनवर सगळे गिअर नीट पडतात आणि चालू एंजिनवर मात्र खरखर होते, तेव्हा क्लच पूर्ण सुटत नसतो. गिअर पूर्ण बसूनही ओढ पडताच निसटत असेल, तरच दात, डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट) किंवा फोर्क झिजल्याचा संशय घ्यावा आणि बॉक्स उघडावा.

माझ्या गाडीत दोष पहिल्या प्रकारचा निघाला, आणि त्याचे मूळ एका लहानशा ॲडजस्टर प्लेटमध्ये होते. या प्लेटबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळे चांगले गिअर भंगारात जातात असे माझे ठाम मत झाले आहे. गिअरचा पायाचा दांडा वर किंवा खाली किती जाईल, ही मर्यादा प्लेट ठरवते. दांड्याच्या प्रत्येक हालचालीला रॅचेट (टप्प्याटप्प्याने सरकणारा दातेरी भाग) एक घर पुढे सरकते आणि मग स्प्रिंग दांड्याला पुन्हा मध्यावर आणते. बोल्टांची भोके लांबट असल्यामुळे प्लेट थोडी सरकवता येते, आणि बोल्ट सैल झाले तर ती आपोआपही सरकते. मग एका बाजूची हालचाल अपुरी पडून डॉग एकमेकांत अर्धेच अडकतात, तर दुसऱ्या बाजूला दांडा गरजेपेक्षा पुढे जाऊन गिअर दोन घरांच्या मध्ये, खोट्या न्यूट्रलमध्ये, लटकतो. बोल्ट किंचित सैल करून प्लेट अगदी थोडी हलवायची, बोल्ट आवळायचे आणि चाक फिरवत पुन्हा चारही गिअर पाहायचे. दोन्ही दिशांना गिअर सारखे पूर्ण बसेपर्यंत हे करावे लागते. नव्या भागावर एक पैसाही खर्च न होता भेरूघाटातली ती तक्रार संपली.

उन्हाळ्यात मात्र माझ्या मतात भर पडली. तोपर्यंत गिअरची प्रत्येक तक्रार या प्लेटने सुटते असे मी मित्रांना सांगत होतो. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत एंजिन तापले, की पहिला गिअर धाडकन पडू लागला आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडेना. थंड गाडीत हे होत नव्हते आणि ॲडजस्टर प्लेट जागच्या जागी होती. क्लच उघडल्यावर दिसले, की स्प्रिंगांचे स्क्रू असमान आवळलेले असल्यामुळे दाबाची प्लेट तिरपी उचलली जात होती, आणि काचेवर ठेवून पाहिलेली क्लचची एक पोलादी प्लेट सपाट नव्हती. ती बदलली, स्क्रू सारखे केले, झाकणाजवळच्या स्क्रूने क्लचच्या रॉडचे अंतर ठरवले आणि हँडलवर दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. त्यामुळे आता माझा क्रम बदलला आहे: आधी क्लच, नंतर ॲडजस्टर प्लेट आणि सर्वांत शेवटी बॉक्स.

पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहिली, की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून दोन-चार किका मारल्या की त्या सुटतात. तसे न करता पहिला गिअर टाकणे म्हणजे दातांवर घाव घालणे होय.

सुट्या भागांपैकी एकाच गोष्टीवर मी नाराज आहे. दांडा मध्यावर आणणारी स्प्रिंग दुकानातून नवी आणली होती, ती काही महिन्यांतच मऊ पडली आणि दांडा अर्ध्यावर रेंगाळू लागला. काढून ठेवलेली जुनी स्प्रिंग पुन्हा बसवली. ती आजही ताठ आहे. त्यामुळे जुना भाग टाकून देण्यापूर्वी तो नव्याशेजारी ठेवून तारेची जाडी आणि ताण अवश्य पाहावा.

न्यूट्रलच्या छोट्या लिव्हरने मला खरा आनंद दिला. प्रारंभी ती मला शोभेची वाटत असे. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून क्लच दाबून टाचेने ती लिव्हर खाली केली, की गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. पलासियाच्या सिग्नलला ही सोय जितकी उपयोगी पडते, तितकी नव्या गाड्यांतली कोणतीही सोय मला पडलेली नाही. पहिल्या गिअरमधून मात्र ती चालत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

किकच्या शाफ्टजवळून तेल अजूनही झिरपते. गिअर ऑइलमध्ये थोडे ग्रीस मिसळण्याची जुनी पद्धत वापरून ते बरेच कमी झाले आहे, आणि तेवढ्यासाठी बॉक्स उघडण्याचा माझा विचार नाही. तिसरा गिअर पूर्ण बसूनही ओढीखाली निसटू लागला, तरच मी तो उघडेन, आणि तेव्हाही झिजलेला दिसेल तेवढाच भाग बदलेन.