गावभागातील जुने घर आणि मटेरियलसह दुरुस्तीचा ठेका : एक परीक्षण

सांगलीच्या गावभागात गेल्या हिवाळ्यात आम्ही जे घर विकत घेतले, ते १९८० च्या आसपास बांधलेले आहे. नऊ इंची विटांच्या भारवाही भिंती, वर आरसीसी स्लॅब, तळमजल्यावर शहाबादी फरशी, मागे परस आणि परसात जमिनीखालचा हौद, असे त्याचे स्वरूप आहे. राहायला जाण्यापूर्वीच सर्व दुरुस्ती उरकून घ्यावी, या हेतूने शहरातील एका ठेकेदार संस्थेला आम्ही मटेरियलसह ठेका दिला आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे. पुढे काही तक्रारीही मांडल्या असल्यामुळे संस्थेचे नाव लिहिलेले नाही. माझे मत आधीच सांगते : भिंती, स्लॅब, पाणी आणि वीज या कामांत ही मंडळी उत्तम आहेत, सुतारकामात आणि रंगकामात बेताची आहेत, आणि बिलाच्या बाबतीत त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये.

त्यांची निवड करण्याचे कारण त्यांच्या पहिल्याच भेटीत होते. इतर ठेकेदार आले, त्यांनी खोल्यांतून एक फेरी मारली, चौरस फुटाचा दर सांगितला आणि बोलणे थेट फॉल्स सीलिंगवर व मॉड्युलर किचनवर नेले. या संस्थेचे अभियंता मात्र ओल मोजण्याचे यंत्र आणि लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आले, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘२०१९ ला पाणी कुठपर्यंत होते?’ नदीकाठच्या सांगलीत जुने घर दुरुस्त करताना यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि त्याआधी २००५ मध्ये व नंतर २०२१ मध्येही पुराने शहरात ठाण मांडले होते. आधीच्या मालकांनी भिंतींवर ऑइल पेंटचे थर चढवले होते. जिन्याखालची भिंत अभियंत्यांनी पत्रीने खरवडली, तेव्हा दोन थरांखाली छातीच्या उंचीवर तपकिरी रेघ सरळ उमटलेली दिसली. ती रेघ त्यांनी नळीच्या साहाय्याने सर्व खोल्यांत खडूने फिरवून घेतली, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या रेघेच्या वर की खाली, या हिशेबाने झाला.

परवानगीच्या बाबतीतही त्यांनी भीडभाड ठेवली नाही. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोहोंमुळे आमच्या भागात वाढीव बांधकामाला मर्यादा आहेत; त्यामुळे परसात खोली वाढवण्याचा विचार त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावला. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून टाकावी, अशी आमची इच्छा होती. ती भिंत वरचा स्लॅब पेलते, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी आराखडा असल्याशिवाय तिला हातोडा लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे या शहरात अभियंत्यांची वानवा नाही, तरीही ‘भिंत काय, पाडू की’ म्हणणारे ठेकेदार येथे पावलोपावली भेटतात. आराखड्याचा आणि लोखंडी तुळईचा खर्च पाहून शेवटी आम्ही दाराची रुंदी वाढवण्यावर समाधान मानले.

या सेवेचा सर्वांत सरस भाग म्हणजे भिंतींचे काम. तळमजल्यावर सगळीकडे लोणा, म्हणजे ओलीबरोबर विटेतून बाहेर येणारे क्षार, लागलेला होता. पोपडे सुटलेले, कोपऱ्यात पांढरी भुकटी साचलेली आणि दोन ठिकाणी जुन्या दुरुस्तीचे सिमेंटचे ठिगळ. अशा भिंतीवर वॉटरप्रूफिंगचे द्रावण मिसळून सिमेंटचा घट्ट गिलावा केला की वर्षभर ती छान दिसते. पण जमिनीतून चढणारी ओल आत कोंडली जाते आणि ठिगळाच्या वरच्या कडेने पुन्हा बाहेर पडते. आमच्या भिंतींवर नेमके तेच झाले होते. त्यांनी पुराच्या रेघेच्या वर साधारण दोन-तीन फुटांपर्यंत सगळा गिलावा उतरवला, विटांमधले सांधे खरवडले आणि क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडून काढले, कारण पाणी मारले की तेच क्षार विरघळून पुन्हा विटेत मुरतात. त्यानंतर उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला. आम्हाला शाळा सुरू होण्यापूर्वी राहायला जायचे होते, म्हणून मी थोडी कुरकुर केली, तेव्हा त्यांचे वयस्कर गवंडी हातोड्याच्या दांड्याने भिंत ठोकत म्हणाले, ‘ताई, आत्ता झाकली तर पावसाळ्यात परत फुगंल बघा. उनाला फुकट काम करू द्या की.’ सांगलीचा एप्रिल-मेचा कडाका एरवी नकोसा वाटतो. त्या दोन महिन्यांत यंत्रावरचे आकडे उतरताना पाहून प्रथमच त्याचे बरे वाटले.

पायथ्याशी भोके पाडून ओल अडवणारे रसायन भरण्यात आले आणि त्यावर चुना मिसळलेला, श्वास घेणारा, म्हणजे ओल बाहेर पडू देणारा, गिलावा केला. बाहेरच्या अंगणात मात्र मागच्या कोणीतरी भिंतीला चिकटून काँक्रीट ओतले होते आणि त्याचा उतार घराकडे होता. ते फोडून उतार फिरवल्याशिवाय आतल्या उपचारांना अर्थ नाही, हे त्यांनी दाखवून दिले. वाळवीचे औषधही फरशी बसवण्यापूर्वीच, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत सुमारे फूटभर अंतराने छिद्रे पाडून भरले. घाईघाईत अनेक ठिकाणी हे काम फर्निचर झाल्यावर नुसत्या फवारणीवर भागवले जाते.

स्लॅबबद्दल थोडक्यात. माडीच्या न्हाणीघराखालील छताचे काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्या होत्या. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करून, सळईला गंजरोधक लेप देऊन मग पॉलिमर मॉर्टर भरले. गच्चीवर जुन्या कोब्यावर (पाणी अडवणाऱ्या उताराच्या थरावर) दुसरा कोबा चढवलेला आढळला. तिसरा थर टाकून ओझे वाढवण्याऐवजी दोन्ही काढले आणि नव्याने ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा, कोबा केला. पाणी कोंडून ४८ तास ठेवल्यानंतरच ते काम त्यांनी आमच्याकडून मान्य करून घेतले.

विजेचे काम पाहायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने ‘बटणे इतकी वर का?’ असे विचारले आहे. तळमजल्यावरचे सर्व प्लग पॉइंट आणि डीबी (वीज वाटपाची पेटी) त्या खडूच्या रेघेच्या वर आहेत. वायरिंग छतातून खाली उतरते, जमिनीतून वर चढत नाही. शिवाय तळमजला आणि माडी यांची सर्किटे पूर्णपणे वेगळी आहेत, म्हणजे खाली पाणी शिरण्याची वेळ आली तर खालचा पुरवठा तोडून वर दिवे चालू ठेवता येतात. जुन्या घरात अर्थिंग नावापुरतेही नव्हते. नवा अर्थिंगचा खड्डा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), दिव्यांसाठी दीड, प्लगसाठी अडीच आणि गीझर व एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची वायर, हे सर्व अंदाजपत्रकात कंपनीच्या नावासह लिहिलेले होते आणि बंडले माझ्यासमोर फोडली गेली. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, छायाचित्र काढून दिले. पुढे पडद्याचा दांडा बसवताना पाइप कुठून गेला आहे हे त्या छायाचित्रांवरून क्षणात कळले. ही एक गोष्ट तरी प्रत्येकाने आपल्या ठेकेदाराकडून मागून घ्यावी.

नळजोडणीत जुने गंजलेले जीआय (जस्तलेपित लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप घातले आणि भिंती बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी घेतली. सांडपाण्याच्या वाहिनीवर उलट्या प्रवाहाला अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवण्याची सूचना त्यांचीच. पुराचे पाणी उंबऱ्यावरून येण्याच्या कितीतरी आधी गटाराच्या वाटेने न्हाणीघरात उगवते, हे गावभागात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हौदाचे तोंडही उंचावून झाकण घट्ट बसणारे केले.

येथून पुढे मात्र सूर उतरतो. फरशी बसवणारी, रंगवणारी आणि सुतारकाम करणारी माणसे संस्थेची स्वतःची नसून उपठेक्यावर आणलेली असतात, हे आम्हाला करारात कुठेही सांगितले नव्हते आणि कामात ते लगेच जाणवते. तळमजल्याच्या न्हाणीघरात फरशीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे निघाला. बादलीभर पाणी ओतून दाखवले, तेव्हा फरशीवाल्यांनी ‘वापरात येईल तसं बसतंय’ असे उत्तर दिले; फरशी कशी काय बसते आणि पाणी चढ कसे चढते, हे त्यांनाच ठाऊक. अभियंत्यांना बोलावल्यावर ती उखडून नव्याने बसवली गेली आणि खर्च संस्थेने सोसला, हे खरे. तथापि जुनी फरशी फोडताना दाराची जुनी सागवानी चौकट एका बाजूला टवके उडून खराब झाली, आणि त्याची भरपाई लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) बुजवून करण्यात आली.

सुतारकामाबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. तळमजल्यावर, रेघेच्या खाली, प्लायवूड नकोच, पीव्हीसीचे किंवा डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे) फर्निचर करावे असा सल्ला त्यांनीच दिला होता, आणि तो योग्य होता. माडीवरच्या कपाटांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लाय ठरले होते. प्रत्यक्षात आलेल्या काही फळ्यांवर आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या वापराच्या प्लायचा, शिक्का होता; कमी दर्जाचा माल, आणि तो शिक्का सनमायका चढल्यावर कोणाला दिसणार नव्हता. मी माल उतरतानाच हजर होते म्हणून फळ्या परत गेल्या. जाणूनबुजून केले की दुकानातून चुकीने आले, यात मी शिरत नाही. पण मटेरियलसह ठेका देणाऱ्याने मालाची गाडी येण्याच्या वेळी घरातले कोणीतरी तेथे असेल, अशी व्यवस्था करावी. जुन्या सागवानी दारांना पॉलिश करून पुन्हा वापरण्याचे काम मात्र त्यांच्याकडच्या एका वृद्ध सुताराने फार देखणे केले. बिजागऱ्या सुद्धा जुन्याच, पितळी आहेत.

रंगकाम घाईत उरकले गेले. माडीवरच्या एका खोलीत नवा गिलावा पुरेसा सुकण्यापूर्वीच पुट्टी मारली आणि काही आठवड्यांत तेथे पुट्टी भुकटी होऊन हाताला लागू लागली. खालच्या भिंती सुकण्यासाठी महिनोनमहिने थांबणारी तीच संस्था वरच्या खोलीत आठवडाभर थांबू शकली नाही, याचे स्पष्टीकरण एवढेच की खाली त्यांचा गवंडी होता आणि वर बाहेरून आलेला रंगारी.

आता हिशेब. अंदाजपत्रक बाबवार होते, दर आणि परिमाणे वेगवेगळी लिहिलेली होती आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर स्वतंत्र दाखवलेला होता, ही जमेची बाजू. परंतु राडारोडा उचलण्याची बाब त्यात नव्हतीच. गावभागातल्या बोळांत ट्रॅक्टरची ट्रॉली दारापर्यंत येत नाही. गिलावा, कोबा आणि शहाबादीचे तुकडे पाट्यांनी वाहून मोठ्या रस्त्यावर न्यावे लागले, आणि त्याची मजुरी जादा बाब म्हणून बिलात आली. बोळ पहिल्या भेटीतही तेवढाच अरुंद होता. अशा जादा बाबी मिळून मूळ रकमेच्या सुमारे आठव्या हिश्शाने बिल वाढले. त्यांतील स्लॅबच्या दुरुस्तीसारख्या काही बाबी फोडल्याशिवाय कळणाऱ्या नव्हत्या आणि त्या मी विनातक्रार दिल्या. राडारोड्याच्या रकमेवर मात्र बरीच घासाघीस होऊन ती निम्म्यावर आली. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि पाच टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायची, ही अट करारात घातली होती, तिचा बोलण्यात फार उपयोग झाला.

नदीकाठचे, ओल धरलेले, चाळीस-पन्नास वर्षांचे घर असेल तर भिंती, स्लॅब, गच्ची, नळ आणि वायरिंग एवढ्यासाठी या संस्थेला मी पुन्हा निःसंकोच बोलावीन. फर्निचर आणि रंग यांसाठी माझ्या माहितीतल्या सुताराला व रंगाऱ्याला लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीच्या दराने, काम देऊन माल स्वतः आणीन. विश्रामबागेकडच्या, पूररेषेबाहेरच्या नव्या फ्लॅटला केवळ सजावट करायची असेल तर या संस्थेचा दर महाग पडेल, कारण ज्या कामात ते सरस आहेत ते काम तेथे निघणारच नाही. आमच्याकडची भुकटी झालेली पुट्टी दिवाळीपूर्वी काढून देण्याचे त्यांनी लेखी मान्य केले आहे. राखून ठेवलेले पाच टक्के ते झाल्यावरच दिले जातील.