घरच्या सोलर संचातले फ्यूज: पावसाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

जळगावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक अशा मालिकेत, जोडलेली आहेत. खाली ३ किलोवॅटचा हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि वीजजोडणी तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून ते सोडून मी केवळ फ्यूजविषयी लिहीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून आतापर्यंत संचातली बदलावी लागलेली वस्तू तेवढीच.

संच बसवणाऱ्याने तयार डीसीडीबी, म्हणजे पॅनेलकडून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेची फ्यूज-पेटी, आणली होती आणि तिच्यात धन व ऋण अशा दोन्ही तारांवर १५ अँपिअरचे फ्यूज होते. हा आकडा बहुधा जुन्या पॅनेलांच्या काळातून चालत आला असावा. ३३० वॅटच्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह (दोन तारा थेट जोडल्यास वाहणारा प्रवाह) साधारण सव्वानऊ अँपिअर असतो आणि त्याला १.५६ ने गुणले की साडेचौदाच्या आसपास उत्तर येते. हे १.५६ म्हणजे दोनदा १.२५: एकदा प्रमाणापेक्षा कडक पडणाऱ्या उन्हासाठी आणि एकदा तासन्‌तास अखंड वाहणाऱ्या प्रवाहासाठी. आमच्या पॅनेलच्या मागच्या लेबलावर मात्र शॉर्ट सर्किट प्रवाह १३.८५ अँपिअर आहे, म्हणजे गुणाकार २१.६ होतो आणि त्यापुढचा बाजारात मिळणारा फ्यूज २५ अँपिअरचा. त्याच लेबलावर ‘मॅक्झिमम सीरिज फ्यूज’ म्हणून २५ अँपिअरच दिलेले आहे, त्यामुळे निवडीला फारसा वावच उरत नाही.

हिवाळ्यात काही जाणवले नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी पेटीचे झाकण काढले तेव्हा तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले तर फ्यूज होल्डरचे तापमान ८० अंशांच्या पुढे होते, तर शेजारचा एसपीडी (विजेच्या लाटेपासून संचाला वाचवणारे उपकरण) पन्नाशीतच होता. धन बाजूच्या होल्डरचे पांढरे प्लास्टिक कडेने पिवळसर पडले होते. पुढे इन्व्हर्टर बंद करून, डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) पाडून तपासले तेव्हा त्याच बाजूचा स्क्रू थोडा ढिला निघाला, त्यामुळे सगळा दोष फ्यूजच्या आकड्यावर टाकता येणार नाही. तरीही पश्चिमेच्या भिंतीवर तापणाऱ्या बंद पेटीत १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रोज १३ अँपिअर नेणे म्हणजे त्याला सतत टोकावर ठेवणे होय. अशा फ्यूजची तार आतून थकते आणि एखाद्या दिवशी काहीही बिघाड नसताना फ्यूज उडतो.

‘कमी अँपिअरचा फ्यूज म्हणजे जास्त सुरक्षित’ ही समजूत घरातल्या वायरिंगमधून आलेली आहे आणि आमच्या वायरमनचाही तिच्यावर ठाम विश्वास होता. पॅनेलच्या बाबतीत ती लागू पडत नाही, कारण तारा एकमेकींना चिकटल्या तरी एका स्ट्रिंगमधून १४ अँपिअरच्या आसपासच प्रवाह येणार. १५ चा जीपीव्ही (gPV, खास सोलर पॅनेलांसाठी बनवलेला) फ्यूज तासाभरात वितळायला सुमारे २२ अँपिअर लागतात. म्हणजे एकाच स्ट्रिंगच्या संचात हा फ्यूज शॉर्ट सर्किटपासून जवळजवळ काहीच संरक्षण देत नाही. दोन स्ट्रिंग असल्या तरी बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलट येणारा प्रवाह दुसऱ्या एकीचाच, म्हणजे १४ अँपिअरच्या आसपासच असतो. तिसरी स्ट्रिंग जोडली की मात्र दोघींचे मिळून २७.७ अँपिअर एकीत शिरू शकतात, ते पॅनेलच्या २५ च्या मर्यादेबाहेर जाते आणि तिथे प्रत्येक स्ट्रिंगला फ्यूज अनिवार्य ठरतो.

स्क्रू आवळून २५ अँपिअरचे फ्यूज बसवल्यावर मे महिन्यातल्या दुपारीही होल्डर साठीच्या घरातच राहिला. फ्यूज विकत घेताना १०×३८ मिलिमीटर एवढेच सांगून चालत नाही, कारण त्याच मापाचे कंट्रोल पॅनेलमधले एसी (घरातल्या विजेसारख्या, दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे) फ्यूज त्याच होल्डरमध्ये चपखल बसतात. दुकानदाराने मला आधी तेच काढून दिले होते. पांढऱ्या नळीवर ‘जीपीव्ही’ आणि १००० व्होल्ट डीसी असे छापलेले असले तरच घ्यावा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीमध्ये ती तशीच पेटत राहते. याच कारणाने ऊन असताना चालू संचाचा फ्यूज होल्डर उघडू नये, तो वाहता प्रवाह तोडण्यासाठी बनवलेलाच नसतो.

खरी काळजी बॅटरीकडच्या फ्यूजची घ्यावी लागते. पॅनेलचा प्रवाह मर्यादित असतो, पण लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास क्षणात हजारो अँपिअर देऊ शकते. ३ किलोवॅटला ४६ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधली घट धरून, ७२ अँपिअर लागतात. त्यावर पाव भाग वाढवून आम्ही १०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून हातभर अंतरावर घेतला आहे आणि केबल २५ चौरस मिलिमीटरची आहे. गाडीच्या ऑडिओसाठी मिळणारे स्वस्त फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचे असतात, ते ४८ व्होल्टच्या संचाला चालत नाहीत. एचआरसी (मोठा शॉर्ट सर्किट प्रवाह तोडू शकणारा) फ्यूज घ्यायचा असेल तर त्यावर डीसी व्होल्टेज वेगळे छापलेले आहे का, ते पाहावे.

आता ६०० वॅटच्या पुढची, १८ अँपिअर शॉर्ट सर्किट प्रवाहाची पॅनेलही मिळतात. त्यांना ३० अँपिअरच्या आसपासचा फ्यूज लागतो, म्हणून पेटी घेण्याआधी फ्यूजबरोबर होल्डरवर छापलेली मर्यादाही वाचावी.