बारामती की धुळे?
व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण कोठे करावे, असे भाचीने विचारले. बारामती आणि धुळे या दोन्ही विमानतळांवर नियमित प्रवासी विमाने येत नाहीत, म्हणून सराव त्यांच्यामुळे खोळंबत नाही. बारामती पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, त्यामुळे घर जवळ राहते. मात्र तेथे एकाहून अधिक प्रशिक्षण संस्था असल्याने एकाच धावपट्टीसाठी वाट पाहावी लागू शकते, आणि इंजिन चालू ठेवून थांबलेला वेळही खर्चाचाच असतो. धुळ्यात १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते. तेथील उन्हाळा कडक आहे. तापलेल्या विरळ हवेत विमानाला उड्डाणासाठी अधिक धावावे लागते, आणि हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. पुण्यात घर असणाऱ्यांनी बारामती निवडावी. घरापासून दूर राहून एकचित्ताने शिकायचे असल्यास धुळे.